मिआटा घेऊन बसलोय, आता क्लास कोणता?

तिसरा_गिअर

नमस्कार मंडळी,

गेली दोन वर्षं ट्रॅक डेला (आपली गाडी रेसट्रॅकवर पळवायचा दिवस) जातोय. पहिल्यांदा शेजारी बसून ओरडणारे प्रशिक्षक आता एकट्याला सोडतात, त्यामुळे डोक्यात किडा वळवळायला लागलाय की खरी रेस करायची. त्याच भरात मागच्या महिन्यात एकाचा अर्धवट सोडलेला प्रोजेक्ट उचलला. १९९२ ची मिआटा (माझदाची छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार), १.६ लिटर. केज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला नळ्यांचा सांगाडा) वेल्ड केलेला आहे. मागे १.८ वाल्या मिआटाचा टॉर्सन डिफरन्शियल (दोन्ही मागच्या चाकांना जोर वाटून देणारा), चारी बाजूंना कॉइलओव्हर (शॉक-स्प्रिंगची एकत्र जोडी), बाहेरचा हेडर (एक्झॉस्टचा पहिला पाइप), जास्त लिफ्टचे कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह जास्त उघडणारे) आणि १५ बाय ८ ची चाकं. विकणारा म्हणाला, "कोणत्याही क्लासात धावेल." तेव्हा ते वाक्य फार गोड वाटलं होतं.

आता नियमपुस्तक उघडलंय आणि डोकं गरगरतंय. स्पेक मिआटा, इम्प्रूव्ह्ड टूरिंग, प्रॉडक्शन, सुपर टूरिंग... एकीकडे एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका), दुसरीकडे नासा (अवकाशवाली नव्हे, नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन). नटबोल्टाची कामं स्वतः करतो, वेल्डिंग येत नाही. दर सीझनला इंजिन नवं बांधायची ऐपत नाही. पोडियम वगैरे स्वप्नं नाहीत, पण शेवटून पहिला यायचीही हौस नाही.

कोणत्या क्लासात (रेसमधल्या गटात) उतरवू?

---

अर्धवट

पहिला नंबर माझा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. वाचनखूण साठवली आहे.

---

वाळूचा_खड्डा

"कोणत्याही क्लासात धावेल" याचा अर्थ "कोणत्याही क्लासात बसत नाही" असा घ्यायचा असतो, राव. हे तुम्हाला महिनाभर आधी सांगायला हवं होतं.

नवा माणूस नियमपुस्तक चुकीच्या बाजूने वाचतो. काय मनाई आहे ते शोधतो, सापडलं नाही की खूश होतो. इम्प्रूव्ह्ड टूरिंग काय किंवा स्पेक मिआटा काय, तिथे जे करायला परवानगी लिहिलेली आहे तेवढंच चालतं. जे लिहिलेलंच नाही ते बंद. हे एक डोक्यात बसलं की अर्धं पुस्तक सोपं होतं.

आता तुमची यादी घेऊ. टॉर्सनची काळजी सोडा. १.६ च्या मूळ डिफरन्शियलचे दात रेसिंगमध्ये टिकत नाहीत, म्हणून स्पेक मिआटात १.८ चा टॉर्सन टाकायला मुभा आहे. कॉइलओव्हर स्पेक मिआटात चालणार नाहीत, तिथे शॉक आणि स्प्रिंग ठरवून दिलेले आहेत, पुढे ७०० आणि मागे ३२५ पाउंड प्रति इंच. चाकंही जातील, रुंदी ७ इंचच. इम्प्रूव्ह्ड टूरिंगमध्ये स्प्रिंग तुमच्या मर्जीचे, शॉकही (बाहेर लटकणारी टाकी नको), हेडर मोकळा, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मोकळा. तुमची १.६ तिथे आयटीए (इम्प्रूव्ह्ड टूरिंगचा ए गट) मध्ये बसते. म्हणजे निम्म्या गोष्टी तिकडे वाचतात.

गाडी अडतेय ती कॅमशाफ्टपाशी. स्पेक मिआटात कॅम कारखान्याचे हवेत, आयटीए मध्येही कारखान्याचेच. त्या एका पार्टमुळे गाडी थेट प्रॉडक्शन किंवा पॉवर-वजनाच्या हिशेबाने चालणाऱ्या क्लासांत जाते. आणि प्रॉडक्शनमध्ये समोर जी मंडळी असतात त्यांनी कॅमवर थांबून समाधान मानलेलं नसतं. तुम्ही एक पायरी चढलात, ते दहा चढून बसलेत.

जाता जाता, ९२ ची आहे हे बरं झालं. १९९० आणि ९१ च्या सुरुवातीच्या १.६ मध्ये क्रँकचं पुढचं नाक आखूड होतं, तिथला खाचा झिजून पुली डुगडुगायची. तुमच्या गाडीत ती भानगड नाही.

---

डायनोभाऊ

खड्डेसाहेब, कॅम काढा म्हणणं सोपं आहे. पण मग पॉवर-वजनाचे क्लास कशासाठी आहेत? नासाच्या सुपर टूरिंगचा हिशेब सरळ असतो. डायनोवर (चाकांवरची पॉवर मोजणारं यंत्र) गाडी चढवा, चालकासह वजन करा, भागाकार करा, आकडा ज्या खणात पडेल तो तुमचा क्लास. कॅम कोणता, हेडर कोणाचा, फारसं कोणी विचारत नाही.

उदाहरणापुरते गोल आकडे घेतो. चालकासह १०८० किलो आणि चाकांवर १२० एचपी, म्हणजे एका एचपीमागे ९ किलो. समजा क्लासची मर्यादा ८ आहे. म्हणजे वजन तेच ठेवून तुम्ही १३५ एचपीपर्यंत जाऊ शकता, नाहीतर पॉवर तीच ठेवून ९६० किलोपर्यंत उतरू शकता. दोन्ही न करता गेलात तर उगाचच हात बांधून लढताय.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एकच गाडी दोन वेगवेगळ्या बनावटीच्या डायनोंवर वेगवेगळे आकडे दाखवते, म्हणून क्लब कोणता डायनो मान्य करतो ते आधी विचारा. आणि मर्यादेला अगदी चिकटून राहू नका. थंड सकाळी इंजिन जरा जास्त जोर काढतं आणि नेमकी तेव्हाच तुम्हाला तपासणीला बोलावतात.

---

वाळूचा_खड्डा

@डायनोभाऊ, भागाकार बरोबर, पण भागाकार समान आला म्हणून गाड्या समान होत नाहीत. ९ किलोला एक एचपी हा हिशेब १२० एचपीच्या मिआटाचा आणि १८० एचपीच्या १६२० किलोच्या सेदानचाही. पण हवा वजन बघत नाही. वेग वाढला की हवा कापायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते, आणि सेदानकडे त्यासाठी ६० एचपी जास्त आहेत. लांब सरळ रस्ता आला की ती तुमच्या नाकासमोरून निघून जाते. वळणात आणि ब्रेकिंगला तुम्ही तिला खाता, हे खरं. टायरही तुमचे जास्त टिकतात. पण ओव्हरटेक कुठे करायचा? ती वळणात आडवी येते, तुम्ही मागे अडकता, सरळ रस्त्यावर ती परत पळते. अशी अर्धा तास रेस करून बघा, मग बोलू.

म्हणून असा क्लास घ्यायचा झाला तर आधी आपला ट्रॅक बघा. वळणावळणाचा असेल तर मिआटा राज्य करते.

---

पिटलेनची_राणी

तुम्ही दोघं नियमांवर भांडताय, पण धागाकर्त्याने कोणीच न सांगितलेली गोष्ट आधी करावी: मागच्या दोन सीझनचे निकाल काढावेत. क्लबच्या साइटवर सगळे निकाल पडलेले असतात. प्रत्येक क्लासात किती गाड्या सुरू झाल्या, किती संपल्या, पहिल्या आणि सहाव्यात किती सेकंदांचा फरक, हे कागदावर लिहा.

मी हे केलं नव्हतं, म्हणून सांगते. माझ्या पहिल्या गाडीला कागदावर सगळ्यात फायद्याचा दिसणारा क्लास मी घेतला. वजन हलकं, टायर रुंद, नियम उदार. सीझन सुरू झाला आणि कळलं की त्या क्लासात आमच्याकडे मी एकटीच! पाच रेस, पाच पहिले नंबर. घरी कपाटात पाच ट्रॉफ्या, आणि पाहुणे आले की सासूबाई कौतुकाने दाखवायच्या. मला मात्र प्रत्येक वेळी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

लाज सोडा, पण शिकायला काही मिळत नाही. क्लब रेसिंगमध्ये एका वेळी तीन-चार क्लास एकत्र सोडतात. मी ज्या गटात होते त्यात माझ्यापुढे वेगवान गाड्या आणि मागे हळू. माझ्या वेगाचं कोणीच नाही. अर्धा वेळ निळा झेंडा बघून बाजूला व्हायचं, अर्धा वेळ एकटीने चकरा मारायच्या. ट्रॅक डेला तरी याहून वेगळं काय करतो आपण?

दुसऱ्या वर्षी गर्दीच्या क्लासात गेले. पहिल्या रेसला २३ वी आले. पण १९ ते २५ नंबरवाले सगळे मिळून पूर्ण अर्धा तास झुंजलो. मी तिसऱ्या वळणात आत शिरायचे, पुढचा पाचव्यात परत घ्यायचा. कोणाला किती जागा सोडायची, कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, हे तिथे शिकले. रेस संपल्यावर पॅडॉकमध्ये सातही जण एका गाडीच्या बॉनेटभोवती उभे राहून हातवारे करत होतो. २३ वी आल्याचा एवढा आनंद झालेली बाई त्या दिवशी जगात दुसरी नसेल.

---

तिसरा_गिअर

राणीताई, तुमच्या सांगण्यावरून रात्री बसून निकाल काढले. आमच्या भागात: स्पेक मिआटा दर रेसला २५ ते ३०. आयटीए सात-आठ, त्यातल्या निम्म्या मिआटाच दिसतात. सुपर टूरिंगचा जो खण मला लागू पडेल त्यात तीन. प्रॉडक्शनमध्ये दोन, आणि ते दोघं एकमेकांपासून मिनिटभर लांब.

पण स्पेक मिआटाबद्दल ऐकलंय की तिथे पहिल्या वळणात पत्रा वाजतोच. आणि पुढचे लोक म्हणे इंजिनांवर मरणाचा खर्च करतात. खरं आहे का?

---

वाळूचा_खड्डा

दोन्ही खरं. पत्रा वाजतो. आणि सगळ्या गाड्या सारख्या असल्या की पैसा बारीक फटींतून आत शिरतो. एखाद-दोन एचपीसाठी लोक इंजिन नावाजलेल्या माणसाकडून बांधून घेतात. २०१४ च्या रनऑफ्सला (एससीसीएचं राष्ट्रीय अजिंक्यपद, १९६४ पासून चालत आलंय) स्पेक मिआटातल्या पुढे आलेल्या कितीतरी गाड्या सिलिंडर हेडमधल्या घासकामावरून बाद झाल्या होत्या. एवढी चुरस.

पण ती चुरस पहिल्या आठ-दहा जणांत. पंधराव्या-विसाव्या नंबरावर बरीच पळालेली जुनी इंजिनं धावत असतात आणि तिथे फरक पडतो तो चालकाचा. कॅम बदलल्यावर तुमचं इंजिन कम्प्रेशन टेस्टला चारी सिलिंडर जवळजवळ सारखे दाखवत असेल तर दोन सीझन त्याला हात लावू नका. खर्चच करायचा तर टायरवर आणि पुढच्या चाकांच्या हबवर करा. रेसमधल्या मिआटात हब ब्रेक पॅडसारखा संपतो, घरघर ऐकू येईपर्यंत थांबू नका.

---

आजोबा_१२००

सगळे मिआटा मिआटा करताहेत म्हणून म्हाताऱ्याला राहवलं नाही.

फॉर्म्युला व्ही (एका सीटची उघडी रेसगाडी) बघितलीत का? एससीसीएने १९६३ मध्ये मान्यता दिली. फोक्सवॅगन बीटलचं १२०० सीसी इंजिन, बीटलचाच पुढचा ॲक्सल, ड्रम ब्रेक. पॉवर साठेक एचपी. ऐकून हसू येतं ना? एकदा पाच व्ही एकामागे एक चिकटून सरळ रस्त्यावरून जाताना बघा. एकट्या व्हीला हवा कापता येत नाही, म्हणून पुढच्याच्या आडोशाने जायचं आणि शेवटच्या वळणानंतर बाहेर निघायचं. कधी निघायचं एवढाच काय तो खेळ. फॉर्म्युला वनचे जगज्जेते लाउडा आणि केके रोसबर्ग दोघंही तरुणपणी व्ही चालवून गेलेत.

इंजिन मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडतो. (अवांतर: हिला आता हे मान्य नाही. गॅरेजमध्ये हाकललंय.)

बाळा, ती मिआटा विक आणि व्ही घे.

---

अर्धवट

आजोबांना +१००. पण आजोबा, त्यात साधी बॅगही मावत नाही हो.

---

आजोबा_१२००

बॅग कशाला हवी? एक पाना आणि एक हातोडी.

---

नटबोल्ट

मी क्लबला तपासणी करतो. मॉडिफिकेशनच्या गप्पा वाचल्या, पण केजबद्दल एका ओळीपलीकडे काही दिसलं नाही. म्हणून विचारतो.

लॉगबुक आहे का? केजसाठी क्लबने दिलेलं लॉगबुक नसेल तर ती फक्त आत नळ्या वेल्ड केलेली गाडी आहे. नळीचा प्रकार कोणता? शिवण असलेली स्वस्त नळी चालत नाही. जाडी मोजायला मुख्य हूपमध्ये (सीटमागची कमान) पाचेक मिमीचं तपासणीचं भोक असतं, ते आहे का बघा. नसेल तर बांधणाऱ्याने कधी क्लबला दाखवायचा विचारच केला नसावा. एखादी नळी फायरवॉल भेदून पुढे इंजिनकडे गेली आहे का? गेली असेल तर स्पेक मिआटा आणि इम्प्रूव्ह्ड टूरिंग दोन्ही विसरा.

आणि मुख्य म्हणजे: तुम्ही किती उंच आहात?

---

तिसरा_गिअर

लॉगबुक आहे, पण शेवटचा शिक्का बऱ्याच वर्षांपूर्वीचा. भोक आहे. नळी पुढे गेलेली नाही. उंची ६ फूट १ इंच. का?

---

नटबोल्ट

झाडूचा दांडा घ्या. हेल्मेट घालून सीटवर बसा, बेल्ट आवळा. कोणाला तरी दांड्याचं एक टोक मुख्य हूपवर आणि दुसरं पुढच्या हूपवर टेकवायला सांगा. तुमचं हेल्मेट त्या दांड्याच्या खाली पाहिजे, निदान दोन इंच. गाडी उलटली तर रस्ता म्हणजे तो दांडा.

मिआटात उंच माणसांचे क्लास इंजिन नाही ठरवत, डोकं ठरवतं. दांडा लागत असेल तर आधी सीट सरकत्या रुळांवरून काढून थेट फरशीला पक्की करा. पाठ जरा मागे घ्या. त्यानेही भागलं नाही तर गाडी बदला, हे मी मनावर दगड ठेवून सांगतो.

आणखी: जुन्या गाडीसोबत आलेले बेल्ट फेका. एसएफआय १६.१ या मानकाचे बेल्ट दोन वर्षांनी बाद होतात, एफआयएच्या बेल्टवर कोणत्या वर्षापर्यंत चालतील ते छापलेलं असतं. मोटरसायकलचं हेल्मेट आणू नका, स्नेल एसए मानकाचं पाहिजे. त्यात आगीची चाचणी असते, मोटरसायकलवाल्यात नसते. मानेसाठी हॅन्स किंवा तसंच मान्यताप्राप्त काहीतरी. यात काटकसर करणाऱ्याला मी परत पाठवतो आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

---

डायनोभाऊ

नटबोल्टांशी सहमत. कॅमवर भांडत बसलो, हे आधी विचारायला हवं होतं.

बाकी वजनावरून एक किस्सा, हलकंच घ्या. वजन रेस संपल्यावर करतात, ट्रॅकवरून थेट काट्यावर. पेट्रोल लिटरला पाऊण किलो, अर्ध्या तासात वीस लिटर जाळलं की पंधरा किलो गेले. आमचा एक मित्र हे सगळं बरोबर धरून होता. पण हिवाळ्यात त्याने डाएट केलं आणि आठ किलो उतरला. वजन चालकासह मोजतात हे विसरला. पहिल्याच रेसला तिसरा आला आणि तीन किलोने बाद. आता सीटशेजारी फरशीला शिशाची लादी बोल्ट केलीये आणि परत वडापाव सुरू.

---

पिटलेनची_राणी

😄 बायकोने डाएट करायला लावलं असणार.

तिसरा_गिअर, एक मधला मार्ग सांगते. स्पेक मिआटाच्या नियमात बसणारी १.६ बऱ्याच ठिकाणी आयटीए मध्येही उतरवता येते, कारण आयटीएचे नियम जास्त सैल आहेत. त्यामुळे एकाच शनिवार-रविवारी लोक दोन्ही गटांत नाव देतात. प्रवेश फी दोनदा लागते, टायर दुप्पट झिजतात, पण ट्रॅकवरचा वेळही दुप्पट. पहिल्या सीझनला त्याहून मोठं काही नाही. आयटीए मध्ये गर्दी कमी, तिथे सुरुवातीची भीती घालवायची आणि स्पेक मिआटात मागून सुटून झुंजायला शिकायचं. उलट दिशेने मात्र जमत नाही. आयटीएसाठी बांधलेली गाडी स्पेकमध्ये घेत नाहीत.

आणि नवख्यांचा परवाना घेतलेला असताना पहिल्या दोन-तीन रेसना मुद्दाम शेवटून सुटायची विनंती करता येते. मी केली होती. कोणी हसत नाही.

---

वाळूचा_खड्डा

राणीताईंनी माझ्या तोंडचं काढून घेतलं.

मात्र तयार, लॉगबुकवाली स्पेक मिआटा विकत घेणं हे तुमची गाडी परत स्पेकमध्ये आणण्यापेक्षा जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं. दुसऱ्याने घातलेले पैसे विक्रीत कधीच वसूल होत नाहीत, त्याचा फायदा घेणाऱ्याला. त्यामुळे आधी सगळी यादी करून बेरीज करा: शॉक-स्प्रिंग, चाकं, एक्झॉस्ट, कॅम, सीट, बेल्ट. कॉइलओव्हर आणि ८ इंची चाकं विकून काय येईल ते वजा करा. मग ठरवा.

---

तिसरा_गिअर

चार दिवसांनी आलो, क्षमस्व.

दांड्याची चाचणी केली. भावाने दांडा धरला, मी हेल्मेट घालून बसलो. दांडा हेल्मेटला टेकला! मग रूळ काढले, सीट फरशीला टेकवून बघितली, पाठ थोडी कलवली. आता बरोबर दोन इंच आणि वर जेमतेम बोटभर. नटबोल्ट, बेल्ट कचऱ्यात गेले. त्यावर २०११ छापलं होतं.

बेरीजही केली. खड्डेसाहेब, तुमचं खरं निघालं, तयार गाडी स्वस्त पडते. पण फार नाही, आणि कॉइलओव्हरला गिऱ्हाईक मिळालंय. शिवाय ही गाडी मी स्वतः उघडली, स्वतः जोडणार, आतलं सगळं माहीत असेल. त्यामुळे हीच ठेवतोय. स्पेक मिआटाच्या नियमात आणतो आणि पहिल्या सीझनला दोन्हीकडे नाव देतो.

आजोबा, पुढच्या रेसला तुमची व्ही बघायला येतोय. विकत घ्यायला नाही, बघायला.

एक अडचण आहे. १.६ चे मूळ कॅम विकणाऱ्याने फेकून दिलेत. भंगारात बघितलं तर सगळीकडे १.८ चे मिळताहेत. कोणाला माहीत आहे का कुठे मिळतील?

---

आजोबा_१२००

बघायला येणारे सगळे असंच म्हणतात.

---

पिटलेनची_राणी

माझ्या गॅरेजमध्ये १.६ चा अख्खा हेड पडलाय, कॅमसकट. ब्लॉकला तडा गेला तेव्हा वरचं ठेवून दिलं होतं. कॅमचे लोब (उंचवटे) बघून घ्या, एकावर ओरखडा आहे असं आठवतंय. हायड्रॉलिक लिफ्टरही घेऊन जा, पण ते तेलात बुडवून नीट दाबून बसवा, नाहीतर पहिले दहा मिनिटं शिलाई मशीन चालल्यासारखा आवाज येईल आणि घाबरून परत मला फोन कराल.

व्यक्तिगत निरोप केला आहे.